डेस्कटॉपचा एसएमपीएस बदलताना : लेबल, वायरी आणि अर्थिंग

डेस्कटॉप संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवायचे ठरले की सारे लक्ष कार्डाच्या किमतीकडे आणि गेमच्या वेगाकडे असते. एसएमपीएसची, म्हणजे भिंतीतली वीज संगणकाला लागेल तशी करून देणाऱ्या पेटीची, आठवण होते ती दुकानदाराने ‘तुमचा सप्लाय याला पुरणार नाही’ असे सांगितल्यावर. मग घाईघाईने ‘पाचशे-सहाशे वॅटचा एखादा द्या’ असे म्हणून खोका घरी आणला जातो. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वॅटचा आकडा हा या खरेदीतला सर्वांत कमी उपयोगाचा आकडा आहे, आणि सुरक्षितपणा ज्या तीन गोष्टींवर खरोखर अवलंबून असतो त्या, म्हणजे लेबलावरील बारा व्होल्टची ओळ, कॅबिनेटमधील वायरी आणि भिंतीतल्या सॉकेटचे अर्थिंग, सहसा कोणी पाहत नाही. पुढील विवेचन या तीन गोष्टींना धरून केलेले आहे.

एसएमपीएस बदलण्याची गरज खरोखर आहे का, हे आधी ठरवावे. गेम किंवा व्हिडिओ रेंडरिंग सुरू होताच संगणक एकदम बंद पडून पुन्हा चालू होत असेल, आणि साधे काम करताना मात्र काहीच होत नसेल, तर एसएमपीएसवर संशय घेण्यास जागा आहे. परंतु प्रोसेसर तापल्यामुळे किंवा रॅम सैल बसल्यामुळेही हीच लक्षणे दिसतात. नागपूरच्या उन्हाळ्यात तर धुळीने गच्च भरलेला प्रोसेसरचा पंखा हाच बहुतेक वेळा खरा आरोपी असतो. म्हणून पंखे स्वच्छ करून आणि तापमान पाहून मगच खर्चाचा विचार करावा.

लेबल कसे वाचावे

कॅबिनेटचे बाजूचे झाकण काढले की एसएमपीएसच्या अंगावर चिकटवलेले लेबल दिसते. कॅबिनेटसोबत ‘फुकट’ मिळणाऱ्या स्वस्त एसएमपीएसवर ४५० असा ठळक आकडा असतो आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. त्या तक्त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, उणे १२ व्होल्ट आणि ५ व्होल्ट स्टँडबाय अशा ओळी असून प्रत्येक ओळीसमोर किती अँपिअर मिळतात ते दिलेले असते. समजा १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर लिहिलेले आहे. बारा गुणिले सोळा म्हणजे १९२ वॅट. आजच्या संगणकातील प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोन्ही मोठे ग्राहक जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. त्यामुळे नावाला ४५० वॅटचा असलेला हा एसएमपीएस नव्या कार्डाच्या दृष्टीने १९२ वॅटचाच ठरतो. उरलेले वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या ओळींत दाखवलेले असतात, ज्यांचा आजच्या संगणकात फारसा उपयोग होत नाही. चांगल्या प्रतीच्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर साधारण ४५ अँपिअर लिहिलेले आढळते, म्हणजे ५४० वॅट, आणि अशा वेळी मोठा आकडा व बारीक आकडा यांचा मेळ बसतो. हा मेळ बसत नसेल तर तेथे पाणी मुरते आहे असे खुशाल समजावे. दुकानात खोका उघडून लेबल दाखवण्यास नकार मिळाला, तर खरेदी दुसऱ्या दुकानातून करावी. नागपूरच्या बर्डी बाजारात दुकानांचा तोटा नाही.

आपल्या संगणकाला किती वीज लागेल याचा हिशेब एका उदाहरणाने पाहू. इंटेलचा कोअर आय५-१२४०० हा प्रोसेसर ६५ वॅटचा म्हणून विकला जातो, परंतु पूर्ण जोरात चालताना तो ११७ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो, असे खुद्द इंटेलनेच जाहीर केलेले आहे. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० कार्डाला १७० वॅट लागतात. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एखादी हार्ड डिस्क आणि पंखे यांच्यासाठी सढळ हाताने ६० वॅट धरले तर बेरीज ३४७ वॅट होते. या कार्डासाठी एनव्हिडियाने ५५० वॅटच्या एसएमपीएसची शिफारस केली आहे. ती अवास्तव नाही, कारण ग्राफिक्स कार्ड क्षणभरासाठी आपल्या सरासरीपेक्षा बरीच जास्त वीज ओढते आणि दुबळा एसएमपीएस नेमक्या त्या क्षणी हात टेकतो. शिवाय एसएमपीएसवरील वॅट हे ठरावीक तापमानाला मोजलेले असतात. काही उत्पादक ते ५० अंश सेल्सिअसला, काही ४० अंशांना, तर काही चक्क २५ अंशांना मोजतात. मे महिन्यात बाहेर पारा ४५ अंशांच्या वर आणि कूलर लावूनही खोली पस्तिशीच्या पुढे असलेल्या घरात कॅबिनेटच्या आतली हवा २५ अंशांची असणे शक्यच नाही. आपल्याकडे तरी ४० किंवा ५० अंशांचा उल्लेख असलेलाच एसएमपीएस घ्यावा आणि एकूण बेरजेच्या दीडपटीच्या आसपास क्षमता धरावी. त्याहून फार पुढे जाऊन हजार वॅटचा घेण्याने साध्या संगणकाला काहीही फायदा होत नाही.

एसएमपीएसवर दिसणारे ८० प्लस हे चिन्ह २००४ पासून प्रचारात आहे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के वीज संगणकापर्यंत पोहोचते, एवढेच ते सांगते. ११५ व्होल्टच्या चाचणीत अर्ध्या भारावर ब्राँझ श्रेणीसाठी किमान ८५ टक्के आणि गोल्ड श्रेणीसाठी किमान ९० टक्के अशी त्याची अट आहे. हे चिन्ह म्हणजे सुरक्षिततेचे प्रमाणपत्र नव्हे. सुरक्षिततेसाठी जादा व्होल्टेज, जादा प्रवाह, शॉर्टसर्किट आणि जादा तापमान या चारही प्रसंगी एसएमपीएस स्वतःहून बंद होतो असा स्पष्ट उल्लेख माहितीपत्रकात पाहावा. भारतीय मानक ब्युरोचा ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक लेबलावर असल्यास तो बीआयएस केअर या मोबाइल ॲपवर तपासता येतो. वॉरंटी किती वर्षांची आणि सेवा केंद्र नागपुरात आहे की खोका मुंबईला पाठवावा लागेल, हेही विचारावे. बिल जीएसटीसह पक्के घ्यावे आणि त्यावर सीरियल नंबर लिहून घ्यावा.

एक धोक्याचे वळण ब्रँडेड संगणकांचे आहे. डेल, एचपी, लेनोवो अशा कंपन्यांच्या अनेक तयार डेस्कटॉपमध्ये मदरबोर्डला नेहमीच्या चोवीस पिनांऐवजी सहा, दहा किंवा चौदा पिनांचा जोड असतो आणि एसएमपीएसचा आकारही वेगळा असतो. नेहमीचा एटीएक्स एसएमपीएस १५० मिलिमीटर रुंद आणि ८६ मिलिमीटर उंच असतो, तर लहान कॅबिनेटमधील एसएफएक्स १२५ मिलिमीटर रुंद असतो. कार्यालयातून स्वस्तात विकत घेतलेल्या जुन्या ब्रँडेड संगणकात नवे कार्ड बसवण्याचा बेत असेल, तर पैसे देण्यापूर्वी झाकण उघडून मदरबोर्डवरील मुख्य जोडाच्या पिना मोजाव्यात. पिना सारख्या दिसल्या तरी काही जुन्या यंत्रांत त्यांची जुळणी वेगळी असते, त्यामुळे मॉडेलचा क्रमांक पाहून खात्री करणे इष्ट.

भिंतीतले सॉकेट

कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला किंवा यूएसबीच्या धातूच्या कडेला हात लागताच बोटांना झिणझिण्या येतात, ही तक्रार नागपुरातील महाल-इतवारीच्या जुन्या घरांपासून नव्या वस्त्यांतील भाड्याच्या खोल्यांपर्यंत सर्वत्र ऐकू येते आणि ‘संगणकात थोडा करंट येतोच’ अशी तिची समजूतही घातली जाते. वस्तुस्थिती अशी आहे की एसएमपीएसच्या आत, विजेतला गोंगाट गाळण्यासाठी, फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्याकडे छोटे कपॅसिटर जोडलेले असतात. अर्थिंग व्यवस्थित असेल तर त्यांतून जाणारा किरकोळ प्रवाह जमिनीत निघून जातो. अर्थिंगच नसेल तर मात्र पत्रा तरंगत राहतो आणि त्यावर मुख्य पुरवठ्याच्या निम्म्याइतके, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, व्होल्टेज दिसू लागते. प्रवाह अगदी थोडा असल्याने नुसत्या झिणझिण्या येतात. परंतु अशा घरात एसएमपीएसमध्ये खरा बिघाड होऊन फेज पत्र्याला टेकली, तर फ्यूज उडवायला वाटच उरत नाही आणि प्रकरण जिवावर बेतू शकते. म्हणून नवा एसएमपीएस कितीही उत्तम असला तरी अर्थिंग नसलेल्या सॉकेटवर तो सुरक्षित नाही, आणि या बाबतीत डोळेझाक करू नये असे माझे ठाम मत आहे.

सॉकेटकडे तोंड करून पाहिले असता वरचे मोठे भोक अर्थिंगचे, उजवीकडचे फेजचे आणि डावीकडचे न्यूट्रलचे असावे. निऑनचा टेस्टर फक्त उजव्या भोकात पेटला पाहिजे. मल्टिमीटर वापरण्याची सवय असणाऱ्याने तो एसी व्होल्टच्या ६०० किंवा त्याहून मोठ्या पट्ट्यावर ठेवून तीन मापे घ्यावीत : फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० च्या आसपास, फेज आणि अर्थ यांच्यात जवळपास तेवढेच, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यात दोन-चार व्होल्टपेक्षा जास्त नाही. फेज-अर्थ यांतले माप भलतेच कमी येत असेल किंवा सारखे हलत असेल, तर अर्थिंगची तार कोठेतरी तुटलेली आहे किंवा ती मुळात ओढलेलीच नाही. उलट, घरात गिझर किंवा कूलरसारखा मोठा भार चालू असतानाही न्यूट्रल-अर्थ यांतले माप अगदी शून्यावर चिकटून राहत असेल, तर कोणीतरी सॉकेटच्या आतच न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेच्या तुकड्याने जोडून ‘अर्थिंग करून दिलेले’ असण्याचा संभव आहे. ही लबाडी अर्थिंग नसण्याहूनही वाईट असते, कारण न्यूट्रल सुटताच संगणकाचा संपूर्ण पत्रा थेट फेजवर येतो. मल्टिमीटरची सवय नसलेल्याने हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे आणि वितरण पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवला आहे ना, हेही त्याच भेटीत विचारून घ्यावे. मल्टिमीटर डिजिटल असल्यास तुटक्या तारेवरही तो कधीकधी फसवा आकडा दाखवतो, म्हणून वायरमन टेस्ट लॅम्प (तपासणीचा दिवा) लावून पाहतो तीच खरी परीक्षा होय.

यूपीएसचाही, म्हणजे वीज गेल्यावर बॅटरीवर संगणक चालवणाऱ्या यंत्राचाही, विचार याच ठिकाणी उरकून घ्यावा. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो. वरच्या उदाहरणातील ३४७ वॅटचा संगणक, एसएमपीएसची कार्यक्षमता ८८ टक्के धरली तर, यूपीएसकडून सुमारे ३९४ वॅट मागेल आणि त्यात मॉनिटर धरलेलाच नाही. नवे कार्ड बसवल्यावर वीज जाताच संगणकही जातो, याचे हे साधे कारण असते. ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारे सर्किट) असलेल्या नव्या एसएमपीएसना स्वस्त यूपीएसमधून येणारी पायऱ्यापायऱ्यांची लहर कधीकधी मानवत नाही. पुरेशा क्षमतेचा आणि शुद्ध साइन वेव्ह देणारा यूपीएस घेणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय आहे.

जुना एसएमपीएस काढणे

संगणक नेहमीच्या पद्धतीने बंद करावा, एसएमपीएसच्या मागचा बटणवजा स्विच शून्याच्या खुणेकडे दाबावा आणि मग भिंतीतून प्लग ओढून काढावा. नुसता भिंतीवरचा स्विच बंद करून भागत नाही. आपल्याकडे तो स्विच एकच तार तोडतो, आणि वायरिंग उलटे झालेले असेल तर तो फेजऐवजी न्यूट्रल तोडत असतो. प्लग काढल्यावर कॅबिनेटचे पुढचे पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे मदरबोर्डवर उरलेला विद्युतभार निघून जातो. एखादा पंखा किंचित हलून थांबतो तो त्यामुळेच.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. एसएमपीएसची पेटी कोणत्याही कारणासाठी उघडू नये, मग ते आतली धूळ काढणे असो वा पंखा बदलणे. आतील मुख्य कपॅसिटरवर ३२५ ते ४०० व्होल्टच्या दरम्यान डीसी व्होल्टेज साठवलेले असते आणि प्लग काढल्यानंतरही ते काही काळ, आणि ते उतरवणारा आतला रेझिस्टर निकामी असेल तर बराच काळ, तसेच राहते. पुढचे पॉवर बटण दाबल्याने ते पूर्ण गेले असे मानू नये. बाहेरची धूळ मऊ ब्रशने काढावी. ब्लोअर वापरायचा तर पंख्याचे पाते काडीने अडवून वापरावा.

काम कोरड्या टेबलावर, भरपूर उजेडात करावे. हिवाळ्यातील कोरड्या हवेत स्वेटर अंगात असताना अंगावर स्थिर विद्युत साठते, म्हणून मदरबोर्डला हात लावण्यापूर्वी दर वेळी कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या पत्र्याला स्पर्श करावा. काहीही सोडवण्यापूर्वी मोबाइलवर आतले तीन-चार फोटो काढून ठेवावेत, विशेषतः कोणती वायर कोठून कोठे जाते याचे.

चोवीस पिनांच्या मुख्य जोडाला एका बाजूस खिटी असते. ती अंगठ्याने दाबून जोड हाताच्या चिमटीत धरून हलके डोलवत वर ओढावा, आणि दुसऱ्या हाताने मदरबोर्डची कड दाबून धरावी. बोर्ड वाकू देऊ नये आणि वायरी धरून तर मुळीच ओढू नये. वर्षानुवर्षे न काढलेला जोड घट्ट बसलेला असतो, तेथे घाई अंगाशी येते. त्यानंतर प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा जोड, ग्राफिक्स कार्डाचा जोड, हार्ड डिस्क आणि एसएसडीचे साटा जोड काढावेत. सगळ्या वायरी सुटल्याची खात्री झाल्यावरच मागचे चार स्क्रू काढावेत. जुन्या कॅबिनेटमध्ये एसएमपीएस वरच्या बाजूस असतो; शेवटचा स्क्रू निघताच दीड-दोन किलोचा तो ठोकळा प्रोसेसरच्या पंख्यावर आदळू नये म्हणून खालून एका हाताचा आधार द्यावा.

नवा बसवणे, आणि वायरींचा घोळ

नवा एसएमपीएस बसवताना पंख्याची दिशा पाहावी. तो खालच्या बाजूस बसत असेल आणि कॅबिनेटच्या तळाला जाळी असेल, तर पंखा खाली ठेवावा. कॅबिनेट मात्र जमिनीवर न ठेवता स्टँडवर ठेवावे, कारण फरशी पुसतानाचे पाणी आणि खालची धूळ पंखा थेट आत ओढतो. तळाला जाळी नसेल तर पंखा वरच्या बाजूस घ्यावा. काही स्वस्त एसएमपीएसच्या मागे ११५ आणि २३० असे लिहिलेला लहान लाल स्विच असतो. तो २३० वरच असला पाहिजे. चुकून ११५ वर राहिला तर पहिल्याच क्षणी मोठा आवाज होऊन एसएमपीएस जळतो.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. मॉड्युलर एसएमपीएसमध्ये वायरी दोन्ही बाजूंनी सुटतात. जुना एसएमपीएसही मॉड्युलर असेल, तर ‘वायरी आत नीट बांधलेल्याच आहेत, फक्त पेटी बदलू’ असा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. संगणकाकडच्या टोकाचे जोड प्रमाणित आहेत, परंतु पेटीकडच्या टोकाला कोणत्या पिनेत कोणते व्होल्टेज यावे याचे सर्वमान्य प्रमाण नाही. ते कंपनीगणिक आणि काही वेळा एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळे असते, तरीही जोड मात्र बिनदिक्कत आत बसतो. परिणामी हार्ड डिस्कच्या ५ व्होल्टच्या पिनेत १२ व्होल्ट जातात आणि वर्षांचे फोटो व कामाच्या फायली एका क्षणात गमावल्या जातात. नव्या एसएमपीएससोबत खोक्यात आलेल्या वायरीच वापराव्यात, अगदी एकही जुनी वायर ठेवू नये.

आठ पिनांचे दोन जोड दिसायला सारखे असतात, ही दुसरी फसगत. प्रोसेसरचा जोड चार अधिक चार असा दुभंगतो, तर ग्राफिक्स कार्डाचा सहा अधिक दोन असा. दोन्हींत १२ व्होल्ट आणि ग्राउंड यांच्या जागा उलट आहेत, म्हणजे एकाच्या जागी दुसरा गेला की सरळ शॉर्टसर्किट होते. पिनांचे चौकोनी आणि गोलसर आकार वेगळे असल्यामुळे चुकीचा जोड सहजासहजी बसत नाही. बसत नसेल तर जोर न लावता जोडावरील अक्षरे वाचावीत. ग्राफिक्स कार्डाला स्लॉटमधून ७५ वॅट, सहा पिनांच्या जोडातून ७५ आणि आठ पिनांच्या जोडातून १५० वॅट मिळू शकतात. कार्डाला आठ पिनांचे दोन जोड लागत असतील तर एकाच वायरीची दोन टोके वापरण्याऐवजी दोन वेगळ्या वायरी ओढाव्यात. नव्या मोठ्या कार्डांवर सोळा पिनांचा लहान जोड असतो. तो खटक्यानिशी पूर्ण आत जाईपर्यंत दाबावा आणि त्याची वायर जोडाच्या अगदी तोंडाशी वाकवू नये. अर्धवट बसलेले हे जोड वितळल्याची उदाहरणे जगभर गाजलेली आहेत.

साटाची वायर कमी पडली म्हणून दुकानात स्वस्तात मिळणारा मोलेक्स-टू-साटा ॲडॅप्टर (मोलेक्स म्हणजे जुन्या पद्धतीचा चार पिनांचा जोड) लावण्याचा प्रघात आहे. त्यातही ज्याचे टोक प्लास्टिक ओतून बंद केलेले असते तो प्रकार टाळावा. आत तारा एकमेकींना भिडून असे ॲडॅप्टर पेटल्याचे प्रकार घडलेले आहेत.

मदरबोर्डचा चोवीस पिनांचा जोड आणि प्रोसेसरचा जोड टिचकीचा आवाज येईपर्यंत दाबून बसवावेत, वायरी पंख्यांच्या पात्यांपासून दूर बांधाव्यात आणि आत सुटा स्क्रू राहिला नाही ना, हे कॅबिनेट हलके तिरके करून ऐकावे. पॉवर कॉर्ड नव्या एसएमपीएससोबत आलेली, तीन पिनांची आणि आयएसआय चिन्ह असलेली वापरावी. दोन पिनांची परदेशी कॉर्ड आणि वर मल्टिप्लग अशी जोडणी केली तर वायरमनकडून करून घेतलेले सगळे अर्थिंग तेथेच तुटते.

पहिली सुरुवात

पहिल्यांदा वीज देताना कॅबिनेटचे झाकण उघडे ठेवावे, पण चेहरा त्यावर वाकवू नये. भिंतीवरचा स्विच, मग एसएमपीएसचा मागचा स्विच आणि शेवटी पुढचे बटण, असा क्रम ठेवावा. जळका वास, तडतड किंवा धूर यांपैकी काहीही जाणवले तर भिंतीवरचा स्विच तत्काळ बंद करून प्लग काढावा. ‘पुन्हा एकदा लावून पाहू’ हा विचार मनात आणू नये. काहीच झाले नाही तर मागचा स्विच विसरला आहे का आणि चोवीस पिनांचा जोड पूर्ण बसला आहे का, हे पाहावे. पंखे फिरतात पण पडद्यावर काही येत नाही, अशा वेळी प्रोसेसरजवळचा जोड लावायचा राहिलेला असण्याची शक्यता सर्वाधिक असते. नव्या एसएमपीएसचा पंखा थांबलेला दिसला तर घाबरू नये. कमी भारावर पंखा मुद्दाम बंद ठेवणारी मॉडेल बरीच आहेत.

संगणक सुरळीत चालू झाल्यावर व्होल्टेज मोजायचे असेल तर मोकळ्या राहिलेल्या मोलेक्स जोडात मल्टिमीटरच्या सळया काळजीपूर्वक घालाव्यात. पिवळी आणि काळी तार यांच्यात ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल आणि काळी यांच्यात ४.७५ ते ५.२५ व्होल्ट एवढी मुभा आहे. नव्या वायरी सगळ्या काळ्या असतात. तेव्हा जोडाच्या दोन टोकांच्या पिना या १२ आणि ५ व्होल्टच्या आणि मधल्या दोन ग्राउंडच्या, हे लक्षात ठेवावे. माप संगणक रिकामा असताना एकदा आणि गेम किंवा रेंडरिंग चालू असताना एकदा घ्यावे. भार येताच १२ व्होल्टची ओळ ११.४ च्या खाली घसरत असेल, तर एसएमपीएस वॉरंटीत परत द्यावा. सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे व्होल्टचे आकडे मदरबोर्डच्या सेन्सरचे असतात व ते पुष्कळदा चुकतात, त्यांवर निर्णय घेऊ नये. तासभर पूर्ण भारावर चालवून संगणक बंद पडला नाही, मागून येणारी हवा नुसती कोमट आहे आणि प्लग हाताला गरम लागत नाही, एवढे पाहिले की झाकण लावण्यास हरकत नाही.

जागेविषयी एकच सूचना उरते. उन्हाळ्यात कूलरच्या थेट झोतात संगणक ठेवू नये. गारवा मिळतो खरा, पण त्या हवेत बाष्प असते आणि कूलरचे पाणी जड असेल तर त्यातील क्षारांचे तुषारही सोबत येतात, जे धुळीशी मिळून एसएमपीएसच्या आत थर धरतात. कॅबिनेटच्या मागे किमान वीतभर जागा मोकळी सोडावी आणि तळाची जाळी उन्हाळ्यात महिन्यातून एकदा तरी झटकावी.

काढलेला जुना एसएमपीएस चालू असेल तर तो जपून ठेवणे व्यवहार्य आहे, परंतु त्याच्या वायरी त्याच्याच पेटीला दोरीने बांधून, वर मॉडेलचे नाव लिहून ठेवाव्यात, म्हणजे पुढे घरातल्या दुसऱ्या कोणी त्या नव्या एसएमपीएसला लावण्याचा धोका राहत नाही. तो बिघडलेला असेल तर भंगारवाल्याला न देता ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्यावा. भंगारात तांब्यासाठी पेटी फोडली जाते, आणि फोडणाऱ्याला आतल्या कपॅसिटरची कल्पना असतेच असे नाही.